कल्ले कुठून सुरू होतात?

मेफ्लाय या कीटकाचा निम्फ, म्हणजे पाण्यातलं पिल्लू, ओळखायला बसले की शेपट्या मी सगळ्यात शेवटी मोजते. पुस्तकातून नुकतं शिकून आलेलं कुणीही नेमकं उलट करतं. तीन शेपट्या म्हणजे मेफ्लाय, दोन म्हणजे स्टोनफ्लाय. बहुतेक वेळा हे उत्तर बरोबर येतं, म्हणूनच ती सवय सुटायला वेळ लागतो. पण शेपट्या तुटतात. जाळीत अडकून तुटतात, चिमट्याने उचलताना तुटतात, बाटलीतल्या गर्दीत एकमेकांवर घासून तुटतात. शिवाय एपिओरससारख्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, मधली शेपटी मुळातच नसते. मेफ्लायच असतो, पण शेपट्या दोन. शेपट्यांवर भिस्त ठेवणारा त्याला बेधडक स्टोनफ्लायच्या रकान्यात टाकतो.

म्हणून आधी पायाचं टोक बघायचं. मेफ्लायच्या प्रत्येक पायाला एकच नखी असते, स्टोनफ्लायला दोन. मग कल्ले. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने लागलेले असतात. आपल्याकडच्या ओढ्यांत सापडणाऱ्या स्टोनफ्लायचे कल्ले छातीखाली, पायांच्या बेचक्यांत झुपक्यांनी असतात. आणि टाचणीचं, म्हणजे डॅमसेलफ्लायचं, पिल्लू? त्यालाही मागे तीन काहीतरी दिसतं, पण त्या शेपट्या नव्हेत, ते पानांच्या आकाराचे कल्ले आहेत. पोटाच्या कडा मात्र मोकळ्या. त्याच्या हनुवटीखाली दुमडून ठेवलेला, भक्ष्यावर झेपावणारा लांब ओठ दिसला की उरलीसुरली शंकाही मिटते.

मी पुण्यात राहते आणि नद्यांची तब्येत तपासण्याचं काम करते. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर ती बाटली ज्या घटकेला भरली त्या घटकेपुरतं पाणी कसं होतं ते कळतं. रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर बाटलीला त्याचा पत्ता नसतो. दगडाखालचे किडे मात्र आठवडे, महिने तिथेच राहतात. त्या काळात जे काही वाहत आलं ते त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं. जे सोसू शकले ते उरले, बाकीचे गेले. मेफ्लायचं बहुतेक सगळं आयुष्य पाण्यातच जातं. पंख फुटल्यावर तोंड निकामी होतं, खाणं बंद, आणि काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत वीण संपवून ते मरतात. जगभरात तीन हजारांहून अधिक जाती आणि सुमारे चाळीस कुळं असलेला हा गण आपल्याला भेटतो तो मुख्यतः निम्फच्या रूपात. नदीचं काम करणाऱ्याला तर पंखवाला मेफ्लाय क्वचितच हाती लागतो.

सह्याद्रीत आमचा हंगाम पावसानंतरचा. जून ते सप्टेंबर ओढे इतके फुगलेले असतात की दगडच जागेवर राहत नाहीत, मग त्याखालचे किडे कुठून राहणार! अश्विनात पाणी निवळतं, तळ दिसू लागतो, गोट्यांवर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि त्यावर चरायला निम्फ येतात. ताम्हिणीच्या बाजूला मी वर्षानुवर्षं जाते. तिथे खेकडे धरणारे एक मामा भेटतात. आमची जाळी आणि पांढरे ट्रे बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, “ताई, मासं नाय, खेकडं नाय, मंग काय धरताय?” किडे, म्हटल्यावर ते हसले नाहीत. ओढ्याच्या वळणाकडे बोट करून म्हणाले, “मंग हितं धरा. हितलं पानी चैत्रातबी हालतंय. वरल्या अंगाचं दिवाळीनंतर तुटतंय.” माझ्या नकाशावर दोन्ही ठिकाणं एकाच निळ्या रेघेवर होती. पण बारमाही हलणाऱ्या पाण्यात आणि दिवाळीनंतर तुटणाऱ्या पाण्यात कोण जगू शकतं याच्या याद्या वेगळ्या असतात. एक पिढी वाढायला लागणारा वेळ आणि पाणी टिकण्याचा वेळ यांचा मेळ बसावा लागतो. नमुना कुठून घ्यायचा हे मामांना विचारून ठरवण्याची पद्धत मी तेव्हापासून पाळते.

नमुना घ्यायची रीत साधी आहे. खळाळात प्रवाहाकडे पाठ करून उभं राहायचं, जाळी पायांपुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला टेकवायची आणि टाचेने तळ ढवळायचा. सुटलेलं सगळं वाहत जाळीत येतं. मग मोठे गोटे हातात घेऊन पालथे करायचे, कारण चिकट पकडीचे निम्फ लाथेला दाद देत नाहीत. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये उपडं करून पाणी स्थिर होऊ द्यायचं.

आणि मग थांबायचं. लगेच अल्कोहोल ओतायचं नाही, यावर मी अडून बसते. माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना घाई असते, ऊन चढत असतं, पुढचा ओढा बाकी असतो. तरी ट्रेकडे नुसतं बघायला मी लावतेच. कारण अल्कोहोलमध्ये जे मरतं त्यात चाल पहिली मरते. मेफ्लाय पोहतो तेव्हा त्याचं पोट वरखाली लाटा मारतं, स्टोनफ्लाय आणि टाचणी डावी-उजवीकडे वळवळतात. ट्रेपासून चार हातांवरून हा फरक दिसतो. बेटिडी कुळातले निम्फ सुळकन जातात, थांबतात, पुन्हा सुळकन जातात. हेप्टाजेनिडी कुळातले ट्रेच्या तळाला चिकटून तिरके सरकतात, काडी आडवी धरली तर काडीच्या खालच्या बाजूला जातात. केनिडी कुळातले गाळाच्या कणांत गाळाच्याच रंगाचे होऊन इतके सावकाश चालतात की नजर स्थिर केल्याखेरीज दिसतच नाहीत. रंगही अल्कोहोलमध्ये उतरतो. हिरवट छटा, पायांवरचे तपकिरी पट्टे, पोटावरचे फिकट ठिपके हे सगळं जिवंतपणी टिपून ठेवावं लागतं.

खरी ओळख मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच. तिथे माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कल्ले कितव्या खंडापासून सुरू होतात आणि कितव्यावर संपतात? मेफ्लायच्या पोटाला दहा खंड असतात. ते पुढून मोजायला गेलं की फसगत होते, कारण पहिला खंड, वाढलेल्या निम्फमध्ये तर दुसराही, पंखांच्या कोंबांखाली झाकलेला असतो. म्हणून मागून मोजायचं. ज्याला शेपट्या लागल्या तो दहावा, तिथून उलट पुढे. शेपट्या तुटलेल्या असल्या तरी त्यांचे बुडखे असतातच. बहुतेक कुळांत कल्ले पहिल्या ते सातव्या खंडावर असतात. कुठे पहिल्यावर नसतात, कुठे दुसऱ्यावरचा कल्ला सगळ्यांत मोठा होतो, कुठे दुसऱ्यावर काहीच नसतं. या एका मोजणीने अर्ध्याहून अधिक काम होतं. कल्ला गळून पडला असेल तर खंडाच्या कडेला त्याची खाच शोधायची. नसलेला कल्ला आणि गळलेला कल्ला यांत फरक करता येईपर्यंत पेन हातात घ्यायचं नाही.

हेप्टाजेनिडी मला सगळ्यांत आवडतात. वरून बघा : डोकं रुंद आणि चपटं, डोळे कडेला नसून माथ्यावर, जबडे अजिबात दिसत नाहीत, कारण डोक्याच्या ढालीखाली ते झाकलेले असतात. मांड्या पसरट, कडेला सपाट पसरलेल्या. कल्ल्यांची पानं आणि त्या पानांखाली बारीक धाग्यांचे झुपके. दगडाच्या अगदी पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर असतो, त्यात वेग खूपच कमी होतो. इतकं चपटं शरीर त्या थरात मावतं, आणि फटीतही शिरतं. तोंड खाली असल्यामुळे दगडावरचं शेवाळ खरवडताना डोकं वर काढावं लागत नाही. काही प्रजातींत तर कल्ल्यांची पहिली आणि शेवटची जोडी मोठी होऊन पोटाखाली एकमेकांना भिडते आणि सगळ्या कल्ल्यांची मिळून एक लंबगोल चकती तयार होते. ती चकती चोषक म्हणून काम करते की नुसतं घर्षण वाढवते, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मला त्या वादापेक्षा जास्त मोलाचं वाटतं ते हे, की असा निम्फ ट्रेमध्ये दिसला की तो ज्या दगडावरून आला त्यावरून पाणी कसं वाहत होतं हे मी तिथे न जाताही सांगू शकते. वेगवान, प्राणवायूने भरलेलं, आणि दगड गाळाने न माखलेला.

गाळ आला की हे कुळ आधी जातं. ओढ्याच्या वर कुठे डोंगर फोडून रस्ता निघाला, फार्महाऊसची जमीन सपाट झाली, की पुढच्या पावसानंतर गोट्यांवर मऊ तांबडा थर बसतो. पाणी रासायनिक तपासणीत स्वच्छच येतं. हेप्टाजेनिडी मात्र दिसेनासे होतात आणि ट्रेमध्ये केनिडींची संख्या वाढते.

केनिडींचं अंग तीन-पाच मिलिमीटरचं. पहिल्या खंडावरचा कल्ला म्हणजे नुसता एक धागा. दुसऱ्यावरचे दोन कल्ले मात्र मोठे, चौकोनी, जाड, आणि ते पाठीवर मधोमध येऊन दाराच्या झडपांसारखे मिटतात. त्यांच्या आत तिसऱ्या ते सहाव्या खंडावरचे नाजूक, झालरी लावलेले कल्ले सुरक्षित असतात. गाळात राहणाऱ्याला श्वासाची जागा गाळाने बुजू न देणं ही पहिली गरज. झडपा किंचित उचलून आतले कल्ले हलवून तो पाणी खेळतं ठेवतो. या कुळातला जिवंत केनिस छोट्या काचपात्रात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली हे बघितलं की विद्यार्थी प्रश्न विचारायचे थांबतात आणि नुसते बघत राहतात. मी त्यांना हाक मारत नाही.

लेप्टोफ्लेबिडींमध्ये कल्ल्यांचे आकार इतके आहेत की सगळी प्रजातींची विभागणीच त्यावर उभी आहे. कुणाचे दुभंगलेले बारीक धागे, कुणाची दुहेरी पानं, कुणाच्या पानांना कडेने झालर. कोरोटर्पिस ही त्यांतली कोमट, संथ पाण्यातही टिकणारी प्रजाती. तिचा पहिला कल्ला एकेरी आणि बारीक, पुढचे दुहेरी पानांचे, आणि त्या पानांना टोकाशी तीन सुळके. हे कल्ले पटकन गळतात. पण सात जोड्यांपैकी एक जोडी उरली तरी काम होतं, फक्त ती कितव्या खंडावरची आहे हे पक्कं हवं. पश्चिम घाटातल्या या कुळाबद्दल आपण आज जे सांगू शकतो त्याचा मोठा वाटा मदुराईच्या के. जी. शिवरामकृष्णन यांच्या कामाचा आहे. १९८४ मध्ये त्यांनी कुर्तालमच्या परिसरावरून पीटर्सुला कुर्तालेन्सिस ही जाती नोंदवली, पुढच्या वर्षी एडमंड्सुला लोटिका. या दोन प्रजातींची नावं विल्यम पीटर्स आणि जॉर्ज एडमंड्स या अमेरिकी अभ्यासकांवरून आहेत. त्या दोघांनी १९७० साली पूर्व गोलार्धातल्या लेप्टोफ्लेबिडींच्या प्रजातींची नव्याने मांडणी केली होती. तमिळनाडूतल्या एका महाविद्यालयात बसून एका माणसाने सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे ओढे असे वाचून ठेवले म्हणून आज मी उत्तर भागात बसून तुलना करू शकते. उत्तरेकडचा घाट अजून तितक्या बारकाईने पाहिला गेलेला नाही, आणि ही गोष्ट मला खटकते.

मातीत बिळं करणारे एफेमेरिडी आमच्या कातळी ओढ्यांत क्वचितच. डोक्यापुढे निघालेले सुळे, खणायला बनलेले पुढचे पाय आणि पाठीवर वळलेले पिसांसारखे कल्ले. ते मिळाले की ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

बेटिडींना मात्र दिवसचे दिवस लागतात. ट्रेमध्ये निम्मे तेच असतात, आणि दिसायला सगळे एक. माशाच्या बांध्याचं सुबक अंग, लांब मिशा, साधे अंडाकृती कल्ले, शेपट्यांना आतल्या बाजूने पोहण्याचे केस. नर निम्फच्या डोक्यावर पुढे होणाऱ्या दुहेरी डोळ्यांचा वरचा भाग तांबूस फुगवट्याने आधीच दिसू लागतो, ते बघायला सुंदर असतं, पण प्रजाती सांगायला फारसं कामाचं नाही. तळ्यात आणि भातखाचरात मिळणारा क्लिऑन त्याच्या दुहेरी कल्ल्यांवरून वेगळा काढता येतो. वाहत्या पाण्यातले उरलेले सगळे तोंड उघडल्याशिवाय बोलत नाहीत. म्हणजे खरोखरच तोंड उघडावं लागतं. सुईच्या टोकाने वरचा ओठ, दोन जबडे, दोन उपजबडे आणि खालचा ओठ सुटा करायचा, काचपट्टीवर ओळीने मांडायचा, वर पातळ काच ठेवायची आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. लॅबिओबेटिस असेल तर खालच्या ओठाच्या सोंडेचा दुसरा सांधा आतल्या बाजूला अंगठा काढल्यासारखा पुढे आलेला दिसतो आणि मिशीच्या पहिल्या पेराला बाहेरच्या टोकाशी खाच असते. डावा जबडा आणि उजवा जबडा सारखे नसतात, त्यामुळे कुठला कुठे ठेवला हे ध्यानात ठेवावं लागतं. मागच्या पंखांचा इवलासा कोंब आहे की नाही, हे मोठ्या पंखाचा कोंब हलकेच उचलून बघावं लागतं. एका निम्फला एक तास सहज जातो. त्या तासात नदी, पुणे, दुपारचं जेवण, सगळं विसरायला होतं.

इथे प्रोसोपिस्टोमा या प्रजातीचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याची छाती मागे वाढून पोटाचा बराचसा भाग झाकणारी गोल ढाल झालेली असते, कल्ले त्या ढालीखाली लपलेले, शेपट्या आखूड आणि आत ओढून घेता येणाऱ्या. ज्योफ्रॉय यांनी १७६२ साली पॅरिसच्या परिसरातल्या अशा प्राण्याचं वर्णन केलं. लात्रेय यांनी १८३३ मध्ये त्याला प्रोसोपिस्टोमा हे नाव दिलं ते कवचधारी, म्हणजे खेकडे-कोळंब्यांच्या नातलगांतला समजून. त्यांच्यापुढे जे शरीर होतं त्यावरून ते सुचणं स्वाभाविक होतं. तो मेफ्लाय आहे हे पुढे एकोणिसाव्या शतकातच उलगडलं, आणि पंख असलेल्या अवस्थांचं नीट वर्णन गिलिस यांनी आफ्रिकेतल्या जातींवरून केलं ते १९५४ साली. दक्षिण भारतातली प्रोसोपिस्टोमा इंडिकम ही जाती पीटर्स यांनी १९६७ मध्ये नोंदवली. दगडाला चिकटलेला तो गोल ठिपका पहिल्यांदा बघणाऱ्याला किडा वाटतच नाही. म्हणून मी मुलांना सांगते, की ट्रे रिकामा करण्यापूर्वी जे किडा वाटत नाही त्यालाही एकदा ब्रशने हात लावून बघा.

ओळख पटवण्यासाठी किल्ली वापरतात. किल्ली म्हणजे जोडीजोडीने मांडलेले प्रश्न. कल्ले दुसऱ्या खंडावर आहेत? असतील तर पुढे अमुक क्रमांकावर जा, नसतील तर तमुक. शेवटी एक नाव येतं. अडचण अशी, की किल्ली नेहमीच नाव देते. युरोपची किल्ली घेऊन सह्याद्रीतला निम्फ तपासला तरी शेवटी कुठलं तरी युरोपी नाव येईलच, कारण तिच्याकडे दुसरी नावंच नाहीत. टेलोगॅनोडिडी हे कुळ घ्या. ते आफ्रिकेत आहे, आग्नेय आशियात आहे, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे. युरोपात नाही. पूर्वी या प्राण्यांना एफेमेरेलिडींच्याच पोटात धरत, १९९०च्या दशकात त्यांचं कुळ वेगळं झालं. दोघांची ठेवण मिळतीजुळती. पण एफेमेरेलिडींच्या दुसऱ्या खंडावर कल्ला नसतो, आणि आपल्याकडच्या टेलोगॅनोडिडींच्या कल्ल्यांची रांग दुसऱ्यापासूनच सुरू होते. मागून मोजत येण्याची सवय असेल तर किल्लीने कितीही ढकललं तरी हात थांबतो.

थांबता येणं हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं मला वाटतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या निम्फला कल्लेच नसतात. ते पुढच्या कातींबरोबर येतात. मिलिमीटरभर लांबीचा जीव, ज्याची ओळखीची खूणच अजून अंगावर उगवलेली नाही, त्याला जातीचं नाव कुठून द्यायचं? त्याच्यापुढे ‘बेटिडी, लहान’ एवढंच लिहायचं. डोकं चपटं आहे पण कल्ले सगळे गळलेत, तर ‘हेप्टाजेनिडी’ लिहून रेघ मारायची. एका प्रकल्पात अहवाल मागणाऱ्यांनी आमची यादी परत पाठवली होती. जातींची नावं हवीत, कुळांच्या यादीने वजन पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ती भरली नाही. यादीतलं प्रत्येक नाव कुणीतरी उद्या खरं मानणार असतं. पाच वर्षांनी दुसरा कुणी त्याच ओढ्यावर जाईल, ते नाव त्याला मिळणार नाही, आणि तो लिहील की जाती नष्ट झाली. कधी नसलेल्या जीवाचा मृत्यू अशा रीतीने कागदावर नोंदला जातो. आणि खरोखर जे नाहीसं झालं त्याची मात्र नोंद कुठेच नसते.

कुळाची यादीही कमी बोलत नाही. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कुळांना एक ते दहा गुण देण्याची पद्धत बसवली गेली. घाण न सोसणाऱ्याला दहा, सगळं सोसणाऱ्याला एक. हेप्टाजेनिडी आणि लेप्टोफ्लेबिडी यांना दहा, केनिडींना सात, बेटिडींना चार, लाल रक्तकिड्यांच्या कायरोनोमिडी कुळाला दोन, गाळातल्या गांडुळवर्गीयांना एक. गुणांची बेरीज भागिले कुळांची संख्या केली की त्या ठिकाणची सरासरी मिळते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच धर्तीवर कुळं मोजतात. घाटमाथ्याजवळच्या ओढ्यात उभं राहून आणि मग पुण्यात मुठेच्या पात्रात पुलाखाली उभं राहून ही बेरीज केली तर आकड्यांची गरजच राहत नाही. वर दहाचे किडे, खाली लाल रक्तकिडे आणि गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणारे ट्युबिफेक्स. दहा खंड मोजण्याची तिथे वेळच येत नाही.

मला काळजी असते ती या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्याची. जिथे गाव वाढतंय, हॉटेलं झालीत, पण पाणी अजून डोळ्यांना स्वच्छ दिसतं. तिथे हेप्टाजेनिडी गेलेले असतात आणि बेटिडी भरपूर असतात. बेटिडींना चार गुण ब्रिटनमधल्या अनुभवावरून मिळाले, तिथले काही बेटिस बऱ्यापैकी घाण सोसतात म्हणून. आपल्याकडे या कुळात इतक्या वेगवेगळ्या प्रजाती आहेत की त्या सगळ्यांना एकाच चारात कोंबणं मला पटत नाही. त्यांतल्या काही गाव सुरू होण्याच्या आधीच नाहीशा होतात, काही गावाखाली वाढतात, असं मला दिसत आलं आहे. कुळाच्या बेरजेत दोन्हीकडे तोच चार पडतो. हा बदल पकडायचा तर तोंडं उघडायला, तास-तास बसायला पर्याय नाही. हल्ली पाण्यातल्या जनुकांच्या खुणांवरून यादी काढतात, त्याचा उपयोग मोठा आहे. पण त्या खुणा जुळवायला आधी नाव लागलेला, नीट ओळखलेला नमुना कुठेतरी ठेवलेला असावा लागतो. उत्तर सह्याद्रीतल्या मेफ्लायचे तसे नमुने फार थोडे आहेत.

म्हणून गेल्या काही हंगामांपासून आम्ही निम्फ वाढवायला लागलो आहोत. बहुतेक जातींची नावं पंख असलेल्या नरावरून ठरली आहेत, त्याच्या जननेंद्रियांच्या ठेवणीवरून. निम्फ आणि नर एकाच जातीचे आहेत हे सांगायचं तर एकातून दुसरा निघताना बघावा लागतो. त्यासाठी पंखांचे कोंब काळे पडलेला निम्फ निवडायचा. कोंब काळे म्हणजे आत घडी घातलेला पंख तयार, एक-दोन दिवसांचंच काम राहिलेलं. त्याला जाळीच्या डब्यात घालून डबा ओढ्यातच अर्धा बुडवून ठेवायचा, आत पाण्याबाहेर डोकावणारी एक काडी. बाहेर निघतो तो अजून पुरता प्रौढ नसतो. त्याचे पंख धुरकट, कडेला बारीक केस. उडता येत असूनही हा कीटक आणखी एकदा कात टाकतो, आणि असं करणारा आजच्या कीटकांत दुसरा गण नाही. त्याला कोरड्या कागदी डब्यात हलवायचं, सावलीत ठेवायचं आणि हात न लावता वाट बघायची. पंख काचेसारखे स्वच्छ झाले की तो प्रौढ, पाण्यातली कात आणि कोरड्या डब्यातली कात अशी तिन्ही एकाच कुपीत जातात. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण, उंची, तारीख, दगड की गाळ, पाणी वाहतं की साचलेलं. नावाचा रकाना रिकामाच ठेवतो, तो भरायला कुपी तज्ज्ञाकडे जाते. पाण्यातली कात पातळ आणि पारदर्शक असते. भिंगाखाली पाण्यात पसरली की तिच्यावर कल्ले दिसतात, मागून मोजता येतात, आणि जबडेही जागच्या जागी असतात. या हंगामात मामांनी दाखवलेल्या वळणावर चार डबे लावायचे ठरवलं आहे, सगळे बेटिडींसाठी.